संकटातून गेलं की माणूस खंबीर होतोच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेल्या दीड वर्षात आधी वडील गेले, त्या धक्क्यातून बाहेर येण्याआधीच नोकरी गेली, आणि याच काळात बऱ्याच वर्षांची एक घट्ट मैत्री तुटली. आता दुसरी नोकरी मिळाली आहे, पगार कमी असला तरी घर चाललं आहे. लोकांच्या मते सगळं मार्गी लागलं. तुम्हाला मात्र रात्री तीनला जाग येते, क्षुल्लक कारणावरून आवाज चढतो, आणि ‘अशा प्रसंगांतूनच माणूस घडतो’ असं कुणी म्हणालं की आणखीच खचल्यासारखं होतं. शेवटी तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मन खंबीर करायला काय करावं? आणि या सगळ्यातून शिकायचं तरी काय?

मी समुपदेशक आहे. शोक, आजारपण, नोकरी जाणं, घटस्फोट अशा कारणांनी हादरलेल्या माणसांबरोबर माझा बहुतेक दिवस जातो. त्यांतले फार थोडे जण ‘मला दुःख झालंय’ असं सांगत येतात. बहुतेकांचं म्हणणं असतं, ‘इतके महिने उलटले, तरी मला अजून त्रास का होतोय?’ मूळ दुःख असतंच, आणि त्यावर स्वतःला दोष देण्याचा आणखी एक थर चढलेला असतो. तुमच्या लिहिण्यात मला तो थर स्पष्ट दिसला. खंबीर कसं व्हायचं हे तुम्ही विचारताय, पण त्याच्या आत दडलेला प्रश्न असा आहे: मला सावरायला इतका वेळ लागतोय, म्हणजे माझ्यातच काही उणं आहे का? त्याचं उत्तर आधी देऊन टाकते. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तसं अजिबात वाटत नाही. तीन आघात पाठोपाठ आले, तिन्हींनी तीन वेगळे आधार काढून घेतले, आणि त्यातही तुम्ही नोकरी शोधलीत, घर चालवलंत. तुम्ही दमलेले आहात, आणि दमण्याइतकं नक्कीच घडलं आहे.

काही गोष्टी मात्र मला माहीत नाहीत, आणि उत्तर बऱ्याच अंशी त्यांवर अवलंबून आहे. पूर्वी कधी नैराश्य येऊन गेलंय का? डोक्यावर कर्ज आहे का? घरात तुमच्यावर अवलंबून कोण कोण आहे? वडिलांशी नातं कसं होतं? मनमोकळं नातं असलेल्या वडिलांचा शोक वेगळा असतो. ज्यांच्याशी भांडण मिटायचं राहिलं, काही बोलायचं राहून गेलं, त्यांचा शोक वेगळा. त्यामुळे पुढचं सगळं जसंच्या तसं स्वतःला लावून घेऊ नका. तुमच्या परिस्थितीला जे बसेल ते घ्या.

खंबीरपणा काही जणांच्या रक्तातच असतो, अशी पक्की समजूत आहे. या समजुतीमुळे माणसं स्वतःचा फार छळ करतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते. हवाईमधल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधकांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं जन्मापासूनच फार कठीण परिस्थितीत होती. गरिबी, घरातली सततची भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार, यांतलं बरंच काही एकाच वेळी. या मुलांपैकी दोन तृतीयांश मुलांना पुढे शिकण्याच्या, वागण्याच्या किंवा मानसिक आरोग्याच्या अडचणी आल्या. उरलेली एक तृतीयांश मुलं मात्र कर्तबगार आणि माणसांना जीव लावणारी म्हणून मोठी झाली. या मुलांच्या स्वभावाचा त्यात वाटा होता हे खरं. पण बाहेरच्या गोष्टींचाही तितकाच होता: आईवडील नाही तर आजी, मावशी, शेजारी, शिक्षक असं कुणीतरी एक भरवशाचं मोठं माणूस, आणि आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं अशी एखादी जबाबदारी.

मला या अभ्यासातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो, आणि त्याच्याबद्दल कमी बोललं जातं. अठराव्या वर्षी ज्यांची गाडी पार घसरली होती, त्यांतले बरेच जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले होते. कुणी सुटलेलं शिक्षण पुन्हा धरलं होतं, कुणाला स्थिर स्वभावाचा जोडीदार मिळाला होता, कुणी सैन्यात जाऊन शिस्त आणि कौशल्य मिळवलं होतं, कुणी एखाद्या धार्मिक समूहात रुजलं होतं. अठराव्या वर्षी त्यांच्याकडे पाहून ‘याच्यात दमच नाही’ असं कुणीही म्हणालं असतं. दम तिथेच होता की नंतर आला, यावर वाद घालता येईल. माझ्या अनुभवात हा वाद फारसा उपयोगाचा नसतो. आता, या घडीला कोणकोणते आधार शिल्लक आहेत आणि कोणते नव्याने उभे करता येतील, हे पाहण्यातून काम पुढे सरकतं.

‘अडचणींनी माणूस घडतो’ यात तथ्य आहे, पण अर्धंच. मार्क सीरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांनी आयुष्यात काही प्रमाणात संकटं पाहिली होती, त्यांची मानसिक स्थिती एकही संकट न पाहिलेल्यांपेक्षा बरी होती. आणि ज्यांच्यावर पुष्कळ संकटं कोसळली होती, त्यांच्यापेक्षाही बरी होती. म्हणजे संकटाचं प्रमाणही महत्त्वाचं. त्यात माझी भर इतकीच की दोन आघातांमध्ये श्वास घ्यायला जागा मिळाली की नाही, यानेही फार फरक पडतो. तुम्हाला ती मिळालेली नाही. वडिलांसाठी रडायच्या दिवसांत तुम्ही मुलाखती देत होतात.

आता काय करायचं, याकडे वळते. माझ्याकडे येणारे बहुतेक जण वरच्या मजल्यापासून सुरुवात करू पाहतात. आयुष्याचा अर्थ, ध्येय, सकारात्मक विचार. मी आधी झोपेचं विचारते, आणि त्यांना ते जरा निराशाजनक वाटतं. पण रोज तुटक झोप घेणाऱ्या माणसाची चिडचिड ही अनेकदा निव्वळ अपुऱ्या झोपेची चिडचिड असते. तो तिला स्वतःचा स्वभाव समजून बसलेला असतो.

पहाटे तीनला जाग येणाऱ्यांना मी जे सांगते ते निद्रानाशाच्या वर्तनोपचारातलं आहे, आणि झोपेच्या गोळ्यांआधी तेच करून पाहावं असं आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रात्र कितीही वाईट गेली तरी आणि सुट्टीच्या दिवशीही. जाग आल्यावर साधारण पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही, असं अंदाजाने वाटलं की अंथरुणातून उठा. घड्याळ मुळीच पाहू नका. मंद उजेडात काहीतरी बिनमहत्त्वाचं वाचा किंवा कपड्यांच्या घड्या घाला, आणि डोळे जड झाले की परत या. अंथरुणात पडून काळजी करण्याची सवय लागली की मेंदू अंथरुणालाच काळजीची जागा समजू लागतो. दुपारची झोप टाळा. दारूने झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्रीची झोप तीच मोडते. तीनला जाग येण्यामागे ती असू शकते. आणि संध्याकाळी, झोपेच्या बरंच आधी, वीसेक मिनिटं कागद घेऊन बसा. डोक्यात जे घोळतंय ते एका बाजूला लिहा, आणि त्यातल्या प्रत्येकाचं उद्या करण्याजोगं काही असेल तर ते दुसऱ्या बाजूला. पहिला आठवडा कंटाळवाणा जातो, काहींची झोप सुरुवातीला थोडी कमीही होते. तिथेच बहुतेक जण सोडून देतात. तीन-चार आठवडे धरून ठेवा.

त्याच्या जोडीने दुसरं काम: काहीतरी स्वतःच्या हाताने पूर्ण करणं. हे ऐकायला फार किरकोळ वाटतं, म्हणून यामागचं कारण सांगते. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर केलेले प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहेत. टाळता न येणारे विजेचे झटके सोसलेली बरीच कुत्री पुढे सुटका सहज शक्य असतानाही निपचित पडून राहिली. असहायता ही शिकली जाते, असा अर्थ त्यावरून काढला गेला आणि पुढची पन्नास वर्षं तोच शिकवला गेला. २०१६ मध्ये त्याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे तो अर्थ उलटा असल्याचं लिहिलं. लांबलेल्या त्रासात हातपाय गाळणं ही मेंदूची मुळातली प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते हे की आपण काही केलं तर फरक पडतो. ही जाणीव झाली की मेंदूचा पुढचा भाग त्या मूळ प्रतिक्रियेला आवर घालतो. मला हा बदल फार दिलासा देणारा वाटतो. तुम्ही सुन्न बसून राहत असाल तर ती तुम्ही लावून घेतलेली वाईट सवय नव्हे, आणि त्यातून बाहेर पडण्याची वाट उपदेशातून जात नाही, कृतीतून जाते.

पतीच्या निधनानंतर माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंकडे कागदपत्रांची एक निळी फाईल होती. बँक, विमा, निवृत्तिवेतन, वीजजोडणीवरचं नाव, सगळं त्यात. दर सुट्टीच्या दिवशी त्या फाईल टेबलावर काढायच्या, तिच्यासमोर बसायच्या आणि संध्याकाळी तशीच कपाटात ठेवायच्या. ‘हातच पुढे होत नाही,’ म्हणायच्या. मी त्यांना फाईल घेऊन यायला सांगितलं. त्यातला एकच अर्ज बाहेर काढला आणि बाकीची फाईल माझ्या खुर्चीमागे, त्यांना दिसणार नाही अशी ठेवली. त्यांनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, तारीख टाकली. ‘वैवाहिक स्थिती’च्या चौकटीपाशी पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. मग ती चौकट रिकामी सोडून आम्ही पुढच्या ओळीवर गेलो. पुढच्या भेटीला त्या आल्या तेव्हा ती चौकट घरीच भरून आणली होती. फाईल संपायला पुढे बरेच महिने गेले. पण ‘माझ्याच्याने काही होत नाही’ हे त्यांचं पालुपद त्या चौकटीनंतर कमी होत गेलं.

तुमची निळी फाईल कोणती, ते तुम्हीच ओळखा. काम निवडताना मी तीन कसोट्या लावायला सांगते: ते पूर्णपणे तुमच्या हातात असावं, अर्ध्या तासात संपावं आणि संपलेलं डोळ्यांना दिसावं. जास्त पगाराच्या नोकरीसाठी अर्ज करणं या कसोट्यांत बसत नाही, कारण उत्तर देणं दुसऱ्याच्या हातात असतं. आपला बायोडेटा नीट करून ठेवणं बसतं. आठवड्यातून अशी तीन-चार कामं पुरेत. त्याहून जास्त ठरवलीत तर राहून गेलेल्या कामांची नवी यादी तयार होईल, आणि सध्या तुम्हाला तेवढंच नको आहे.

आता माणसांबद्दल, कारण तुमच्या पत्रातली एक ओळ मला सगळ्यात जास्त लागली. मैत्री तुटल्याचं तुम्ही एका वाक्यात सांगून पुढे गेलात. वडील गेले की लोक भेटायला येतात, नोकरी गेली की निदान विचारपूस करतात. मैत्री तुटली तर कुणी फोन करत नाही, सांत्वनाचे शब्दही ठरलेले नसतात, आणि आपणही ‘एवढं काय त्यात’ म्हणून गप्प बसतो. पण बाकीची दोन दुःखं ज्याच्यापाशी मोकळी करायची, तेच माणूस गेलं असेल, तर हा तिन्हींतला सगळ्यात खोल घाव असू शकतो. तसं असेल तर ते स्वतःशी तरी स्पष्ट मान्य करा. जे नुकसान नुकसान म्हणून मोजलंच जात नाही, त्याचा शोकही होत नाही. मग तो रागाच्या रूपाने घरातल्या माणसांवर निघतो.

त्या मित्राची किंवा मैत्रिणीची जागा एका माणसाने भरून निघणार नाही, आणि तसं माणूस शोधायलाही जाऊ नका. मी एका कोऱ्या कागदावर चार कप्पे करायला सांगते: मध्ये न बोलता ऐकून घेणारे, काम करून देणारे, आपल्या अडचणीतली माहिती असलेले, आणि ज्यांच्या सहवासात हसू येतं असे. प्रत्येक कप्प्यात एक नाव आलं तरी भागतं. बहुतेकांच्या लक्षात येतं की आपण चुकीच्या माणसाकडे चुकीची गोष्ट मागत होतो. कामाला धावून येणाऱ्या भावाकडून मन मोकळं करण्याची अपेक्षा ठेवली, तो लगेच उपाय सुचवू लागला, आणि आपण दुखावलो. ऐकणारं माणूस निवडल्यावर आधीच सांगून टाका: ‘मला सल्ला नकोय, दहा मिनिटं फक्त ऐक.’ पुष्कळ माणसांना हे वाक्य ऐकून सुटल्यासारखं होतं. त्यांनाही काय करायचं ते कळत नसतं. आणि ज्यांच्यावर आवाज चढतो, त्यांना एकदा शांत असताना सांगा की हे तुमच्यामुळे नाही, मी सध्या झोपेविना आहे आणि माझं मन हललेलं आहे. मुलं असतील तर त्यांना तर नक्कीच सांगा. मोठ्यांच्या चिडण्याचं कारण मुलं स्वतःमध्ये शोधतात.

वडिलांच्या शोकाबद्दल दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो सगळं बाहेर काढ, दुसरा म्हणतो कामात गुंतवून घे. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेली कल्पना मला प्रत्यक्ष कामात सगळ्यात उपयोगी पडते. सावरणारी माणसं या दोन्हींमध्ये ये-जा करतात. काही वेळ गेलेल्या माणसाजवळ, काही वेळ रोजच्या व्यवहारात, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. अडचण होते ती एकाच बाजूला अडकून पडल्यावर. तुमची परिस्थिती पाहता तुम्ही दुसऱ्या बाजूला अडकला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. नोकरी जाण्याने तुम्हाला थांबायलाच मिळालं नाही. तसं असेल तर आठवड्यातला एखादा तास वडिलांसाठी राखून ठेवा. त्यांचे फोटो, त्यांचं हस्ताक्षर, त्यांना ओळखणाऱ्या कुणाशी तरी गप्पा. तास संपला की उठा आणि ठरवलेल्या दुसऱ्या कामाला लागा. आणि उलट असेल, म्हणजे दिवसभर तेच मनात असेल, तर दुःखातून रजा घ्यायची परवानगी स्वतःला द्या. एखाद्या संध्याकाळी मनापासून हसलात तर त्याने वडिलांवरचं प्रेम कमी होत नाही.

शोकाबद्दल आणखी एक. धक्क्यानंतर लगेच सगळं सविस्तर बोललंच पाहिजे, नाहीतर ते आत साचतं, असं खूप जण मानतात. दुर्घटनेतून वाचलेल्यांना एकाच बैठकीत सगळा प्रसंग पुन्हा सांगायला लावण्याची पद्धत एके काळी बरीच वापरली जायची. अभ्यासांत तिचा पुढचा त्रास टाळायला उपयोग दिसला नाही, काहींना तर तिने जास्त त्रास झाला, आणि आता ती सुचवली जात नाही. तुम्हाला एखाद्या गोष्टीबद्दल बोलावंसं वाटत नसेल तर सध्या नका बोलू. फक्त ‘बोलायचं नाही’ हा नियम कायमचा करू नका.

विचार करणं आणि घोळवत बसणं यांत मात्र फरक करायला शिका. सुझन नोलन-होक्सेमा यांनी स्टॅनफर्डमधल्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि विचारांच्या सवयी तपासल्या होत्या, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑक्टोबर १९८९ मध्ये, त्या भागात मोठा भूकंप झाला. ज्यांना आधीपासूनच वाईट वाटण्याबद्दल पुन्हा पुन्हा विचार करत बसण्याची सवय होती, ते भूकंपानंतर जास्त खिन्न राहिले. घोळवणं ओळखण्याची खूण सोपी आहे. विचार संपल्यावर हाती काही लागलं का? एखादा निर्णय, एखादी नवी गोष्ट कळणं, निदान मन हलकं होणं? की ‘माझ्याच वाट्याला का’, ‘मी तेव्हा तसं का नाही केलं’ हेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून? दुसरं असेल तर तो विचार बसून सुटणार नाही. उठा, चाला, हात कामात घाला. या वेळी मन दुसरीकडे नेणं म्हणजे पळ काढणं होत नाही.

विचार हाती लागावा म्हणून लिहिण्याचा उपयोग होतो. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आपल्या आयुष्यातल्या सर्वात क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहिलं. काय घडलं आणि त्याबद्दल काय वाटतं, असं दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत तुलनेने कमी राहिल्या. नंतर यावर शेकडो अभ्यास झाले. एकत्र पाहता फायदा आहे, पण माफक. लिहिल्यावर लगेच मन जड होतं, हे आधीच माहीत असू द्या. साधारण तासाभरात ते उतरावं. उतरत नसेल, किंवा लिहिताना अंगाला कंप सुटत असेल, तर थांबा आणि हे एकट्याने करू नका. तुम्ही करणार असाल तर मैत्रीपासून सुरुवात करा, असं मी सुचवेन. त्याबद्दल तुम्ही सगळ्यात कमी बोलला आहात.

इथवरचा क्रम एकदा सांगते, कारण क्रमाला महत्त्व आहे: झोप, मग हातातली छोटी कामं, मग चार कप्प्यांतली माणसं, मग शोकाला राखलेला वेळ, आणि घोळवणाऱ्या विचारांवर नजर. हे काही महिने जमेल तसं चाललं की मगच तुमचा दुसरा प्रश्न हाती घेण्यात अर्थ आहे.

यातून शिकायचं काय? खरं सांगायचं तर, काही शिकलंच पाहिजे असं बंधन तुमच्यावर नाही. आघातानंतर होणाऱ्या वाढीचा अभ्यास रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी केला. १९९६ मध्ये त्यांनी ती मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. नात्यांतली जवळीक वाढणं, आयुष्यात नव्या वाटा दिसणं, स्वतःच्या ताकदीची ओळख पटणं, आध्यात्मिक बदल आणि जगण्याची कदर वाढणं, या पाच अंगांनी ही वाढ दिसते असं त्यांनी मांडलं. अनेकांच्या बाबतीत ती खरंच होते, मी पाहिली आहे. पण या दोघांनीच सांगून ठेवलंय की वाढ झाली म्हणजे दुःख संपलं असं नसतं. दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. पुढे २००९ मध्ये पॅट्रिशिया फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची आघाताच्या आधी आणि नंतर अशी दोन्ही वेळा मोजणी केली. ‘मी यातून खूप घडलो’ असं म्हणणं आणि मोजमापात दिसलेला बदल यांचा फारसा मेळ बसला नाही. याचा अर्थ लोक खोटं बोलतात असा मी काढत नाही. वाढ झाल्याचं म्हणणं हा कधी कधी वेदना सहन करण्याचाच एक मार्ग असतो, आणि त्या वेळेपुरता तो चांगलाही असतो. फक्त दुसऱ्याने तो आपल्यावर लादला की जाच होतो. तुम्हाला तेच होतंय.

तरीही तुमच्या प्रश्नाला मला उत्तर द्यायचं आहे, कारण तो प्रामाणिक आहे. आघात आपल्याकडून माणूस किंवा नोकरी नेतो, आणि तिच्याबरोबर जगाबद्दलचं एखादं गृहीतकही नेतो. तुमच्या बाबतीत मला तीन दिसतात. पाठीशी वडील आहेत. मन लावून काम केलं की नोकरी टिकते. जुनी मैत्री कशानेच तुटत नाही. ही तीन वाक्यं तुम्ही कधी उच्चारलीही नसतील, पण तुमचे रोजचे निर्णय त्यांवर उभे होते. ती मोडली म्हणूनच पहाटे तीनला काहीच भरवशाचं वाटत नाही. आता धोका असा की मन घाईघाईने अगदी उलट वाक्यं तयार करतं: आता माझं कुणी नाही, कष्टाला किंमत नाही, माणसांवर विश्वास ठेवायचाच नाही. ही वाक्यं कठोर असल्यामुळे खरी वाटतात, आणि माणूस त्यांनाच ‘मी खंबीर झालो’ असं म्हणू लागतो. असे खंबीर झालेले बरेच लोक वर्षांनंतर माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्याभोवती कुणी उरलेलं नसतं.

शिकण्यासारखं जे आहे ते या दोन वाक्यांच्या मधलं तिसरं वाक्य शोधण्यात आहे, आणि ते तुमच्या अनुभवातूनच यायला हवं. एका गृहस्थांना नोकरी गेल्यावर ‘कंपनीवर विसंबायचंच नाही’ असं वाटत होतं. अनेक महिन्यांनी ते म्हणाले, ‘काम मी मन लावूनच करणार, मला दुसरं येत नाही. पण आता माझी ओळख फक्त तिथली असणार नाही.’ त्यानंतर त्यांच्या घरच्यांनी मला सांगितलं की मुलगी बोलायला लागली की ते मोबाईल उलटा करून ठेवतात. हा बदल त्यांना स्वतःला ठाऊकही नव्हता. मी वाढ पाहते ती अशा ठिकाणी, माणसाच्या तोंडच्या निष्कर्षांत क्वचितच. तुमचं तिसरं वाक्य आज सुचलं नाही तर चालेल. वहीत तीन मोडलेली गृहीतकं लिहा, त्यांच्याखाली जागा सोडा, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहा.

तज्ज्ञाकडे कधी जायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायलाच हवं. रोज जवळजवळ दिवसभर उदास वाटणं किंवा कशातच मन न लागणं, त्याच्या जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता यांत बिघाड, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकणं, ही नैराश्याची लक्षणं असू शकतात. मृत्यूला सहा महिन्यांहून जास्त काळ लोटल्यावरही गेलेल्या माणसाची ओढ किंवा विचार दिवस व्यापून टाकत असतील आणि त्यामुळे जगणंच थांबलं असेल, तर लांबलेला शोक म्हणून त्यावर वेगळे उपचार आहेत. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर वाट पाहू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा आणि डॉक्टर गाठा. थायरॉइडचा बिघाड, रक्ताची कमतरता, झोपेत श्वास अडकणं यांनीही थकवा आणि चिडचिड होते, म्हणून साध्या तपासण्या एकदा करून घ्या.

पहिल्या भेटीत काय बोलायचं ते सुचत नाही म्हणून पुष्कळ जण जाणं लांबवतात. एका कागदावर इतकंच लिहून न्या: तीन घटना आणि त्यांचे महिने, गेल्या दोन आठवड्यांतल्या झोपेच्या वेळा, पूर्वी असं कधी झालं होतं का, चालू औषधं, आणि ‘सध्या सगळ्यात जड जातं ते’ याचं एक उदाहरण. तोंडातून शब्द फुटले नाहीत तर तो कागद समोर ठेवा. आमच्यासाठी तेवढं पुरतं, पुढचं विचारणं आमचं काम आहे.